बांधावरचं शहर

अठ्ठावीस वर्षं मी भूगोल शिकवला. नेदरलँड्सचा भाग आला की फळ्यावर दोन आडव्या रेघा ओढायचे. वरची निळी, समुद्राची. खालची तपकिरी, जमिनीची. मुलं विचारायची, "बाई, मग पाणी आत कसं येत नाही?" मी म्हणायचे, "बांध घालतात." आमच्या मुलांना एवढं उत्तर पुरायचं. माझं माहेर आणि माझी शाळा दोन्ही अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, धरमतरच्या खाडीकाठी. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की भाताच्या खाचरांचं काय होतं, हे तिथल्या पोराला शिकवावं लागत नाही.

निवृत्तीनंतर मुलाकडे आम्स्टलवेनला तीन आठवडे राहिले. तो आणि सूनबाई कामाला गेले की मी पाच नंबरच्या ट्रामने ॲमस्टरडॅममध्ये जायचे आणि अंधार पडेपर्यंत कालव्यांच्या काठाने चालायचे. सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागला होता. एल्मची पानं पिवळी होऊन पाण्यावर पडत होती. त्या चालण्यातून हाती लागलं ते पुढे जाणाऱ्यांसाठी लिहिते.

१. बोटीत नंतर बसा, आधी चाला.

मुलाने पहिल्याच दिवशी बोटीच्या फेरीचं तिकीट काढून दिलं. काचेचं बुटकं छत, कानाला लावायचं यंत्र आणि एक तासात सगळं शहर. यंत्रातली बाई एका घराबद्दल सांगत असे तेव्हा बोट पुढच्या पुलाखाली शिरलेली असे. उतरले तेव्हा एकही घर मनात राहिलं नव्हतं. तीच फेरी मी तिसऱ्या आठवड्यात पुन्हा केली, तेव्हा मात्र प्रत्येक पूल ओळखीचा होता आणि पाण्याच्या बाजूने तो कसा दिसतो हे बघायचा आनंद वेगळाच होता.

चालण्यासाठी एवढं ध्यानात ठेवा. जुन्या गावाभोवती कालवे अर्ध्या चाकासारखे आहेत. आतून बाहेर येताना सिंगेल, मग हेरेनख्राख्त, कैझर्सख्राख्त आणि प्रिन्सेनख्राख्त. ख्राख्त म्हणजे शहरातला कालवा. पहिला 'ख्र' घशातून काढायचा. सिंगेल सोडला तर पुढच्या तिघांची आद्याक्षरं रोमन लिपीत एच, के, पी अशी क्रमानेच येतात, त्यामुळे आपण आत चाललोय की बाहेर हे कळतं. हे मोठे कालवे १६१३ पासून खणायला घेतले, पश्चिमेकडून सुरुवात करून. घरांचे नंबरही तिकडूनच चढत जातात.

पहिल्या दिवशी मी हरवले, कारण काठ सरळ आहे असं धरून चालत होते. तो सरळ नसतो. दर वळणाला थोडाथोडा वळत जातो आणि तासाभराने आपलं तोंड भलत्याच दिशेला असतं. ढगाळ हवेत सूर्यही मदतीला येत नाही. त्यानंतर मी दिशा विसरले आणि कालव्यांचा क्रम धरला. मग चुकले नाही.

२. लाल पट्टीवर उभं राहू नका.

पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये तांबूस रंगाची पट्टी असते, ती सायकलींची. पुलावरून फोटो काढताना मी एक पाऊल मागे घेतलं आणि त्या पट्टीवर आले. घंटी ऐकू आली, पण ती माझ्यासाठी आहे हे कळेपर्यंत मी खाली बसले होते. गुडघा सोलवटला. सायकलवाल्या मुलीने सायकल आडवी टाकली, मला उठवलं, पिशवीतून पट्टी काढून दिली आणि मग ठामपणे सांगितलं की इथे उभं राहायचं नसतं. तिचं बरोबर होतं. माझ्या वयाच्या बायकांना विशेष सांगते: फोटो काढायचा तर आधी कठड्याला पाठ लावा.

३. मान वर करून बघा.

घरं अरुंद आणि उंच. आतले जिने इतके चढे की शिडीच म्हणावी. अशा जिन्यावरून कपाट न्यायचं कसं? म्हणून बहुतेक जुन्या घरांच्या माथ्याला, शेवटच्या खिडकीच्या वर, एक तुळई पुढे आलेली असते आणि तिला लोखंडी आकडा. कप्पी लावायची, दोर सोडायचा आणि सामान बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घ्यायचं. पूर्वी या घरांच्या माळ्यांवर व्यापाऱ्यांचा माल असे, तोही असाच चढायचा. वर जाणारं ओझं भिंतीला घासू नये म्हणून दर्शनी भिंतच जरा पुढे झुकवून बांधलेली. मी आधी समजले होते की सगळीच घरं खचून कलली आहेत. कडेला, डावी-उजवीकडे कललेली असतात ती खचलेली. पुढे वाकलेली मुद्दाम तशी आहेत.

प्रिन्सेनख्राख्तवर एका सकाळी मी हे काम प्रत्यक्ष पाहिलं. दोन तरुण खाली, एक वर खिडकीत, मध्ये दोरावर लोंबणारा हिरवा सोफा. खालचा एक जण दोर ओढत होता, दुसरा सोफा भिंतीपासून लांब धरायला बांधलेल्या बारक्या दोराला ताण देत होता. कुणी ओरडत नव्हतं. वरच्याने सोफ्याचा पाय धरला, आत खेचला, आणि दोर रिकामा खाली आला. चारशे वर्षांपूर्वीची सोय अजून रोजच्या कामाची आहे, हे बघायला मी अर्धा तास तिथे उभी होते.

दारांवरचे कोरीव दगडही बघत चला. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घरांना नंबर नव्हते. कुणाच्या दारावर मासा, कुणाच्या जहाज, कुणाच्या बैल. पत्ता सांगायचा तो त्या चित्राने. आमच्याकडे चिंचेखालचे पाटील म्हणतात तसंच.

४. शून्य कुठे आहे ते जाऊन पाहा.

वॉटरलूप्लेनला महापालिका आणि ऑपेरा एकाच इमारतीत आहेत. त्यांच्यामधल्या वाटेत एक जागा आहे, जिथून पर्यटक न थांबता पुढे जातात. मी तिथे तीन वेळा गेले. तिथे ब्राँझचा एक मोठा खिळा आहे आणि त्याचं डोकं म्हणजे शून्य. नेदरलँड्समधली प्रत्येक उंची या पातळीपासून मोजतात, आणि युरोपच्या बऱ्याच भागातल्या उंचीच्या मोजणीचा धागाही इथेच येऊन मिळतो.

हे शून्य आलं कुठून? सतराव्या शतकात शहरासमोरचं आय नावाचं पाणी समुद्राला उघडं होतं, भरती थेट गावात यायची. १६७५ मध्ये पूर आला. योहानेस हुडे हा गणितज्ञ शहराचा महापौर होता. त्याने बांध किती उंच हवा ते ठरवून झडपांच्या भिंतींत आठ संगमरवरी दगड बसवले, प्रत्येकावर एक आडवी खाच. १६८३ ते १६८४ वर्षभर भरतीची पातळी मोजली गेली, तिची सरासरी म्हणजे हे शून्य. आठांपैकी एकच दगड आता मूळ जागी उरला आहे, कोर्टे प्रिन्सेनख्राख्तवरच्या एका जुन्या झडपेपाशी. शोधून काढला. वर सायकली उभ्या होत्या, शेजारी कुणी कॉफी पीत होतं आणि खाली दगडात ती बारीक रेघ. फळ्यावर मी इतकी वर्षं जी निळी रेघ ओढत होते, तिचं मूळ मला तिथे सापडलं. डोळे भरून आले.

खिळ्याच्या जवळ काचेचे तीन उंच नळ आहेत. दोघांत समुद्रकाठच्या दोन ठिकाणची आत्ताची पातळी दिसते, भरती-ओहोटीप्रमाणे पाणी वरखाली होतं. तिसऱ्यात पाणी माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, साडेचार मीटरच्या पुढे. ती १९५३ च्या पुराची खूण. ३१ जानेवारीच्या रात्री झीलंडकडचे बांध फुटले आणि देशात १,८३६ माणसं गेली. त्या नळाशेजारी उभं राहा आणि आपलं डोकं कुठे येतं ते बघा.

५. पाणी चढलं तर भीती असतेच, उतरलं तरी असते.

हे मला माहीत नव्हतं. शहराखाली दलदल आहे, म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. दलदल ओलांडून खालच्या वाळूच्या थरापर्यंत, अकरा-बारा मीटर, सूचीपर्णी झाडांची खोडं ठोकलेली. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खांब आहेत. लाकूड पाण्यात बुडालेलं असेल तोवर शतकानुशतकं टिकतं. पातळी उतरली आणि खांबाचं डोकं हवेला उघडं पडलं की कुजायला लागतं. म्हणून मध्यवस्तीतल्या कालव्यांचं पाणी त्या शून्याच्या सुमारे ४० सेंटिमीटर खाली, कायम तिथेच राखतात. पाऊस पडला तर बाहेर काढतात, पाणी कमी झालं तर आत घेतात. जादा पाणी पश्चिमेला आयमॉयडनच्या प्रचंड पंपांनी समुद्रात जातं.

काठाच्या भिंतीही खांबांवर आहेत, आणि त्या घोडागाडीच्या काळात बांधल्या. त्यांच्यावरून आता ट्रक जातात. सप्टेंबर २०२० मध्ये ख्रिमबुर्गवालची भिंत एकाएकी पाण्यात कोसळली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. शहरात अशा खांबांवरच्या भिंती सुमारे २०० किलोमीटर आहेत आणि त्यांची डागडुजी पुढची कित्येक वर्षं चालणार. कालव्याकाठी तुम्हाला लोखंडी पत्र्यांच्या रांगा, पाण्यात उभे केलेले आधार, कुंपणं दिसतील. फोटोत ती नकोत म्हणून लोक वैतागतात. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं दृश्य तेच. एका दुपारी मी कुंपणाला टेकून बघत होते. पाणबुड्याचा वेष घातलेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात होता, हाताने भिंतीचा पाया चाचपत होता आणि वरच्या बाईला आकडे सांगत होता. ती लिहून घेत होती. पुन्हा खाली, पुन्हा आकडा. भिंतीवरून तो हातभर पुढे सरके, मग पुढचा हात. आमच्याकडे बांधाच्या अंगाला खेकड्यांनी पाडलेली भोकं वडील असेच बोटं घालून बघत असत.

६. नावात ख्राख्त आहे म्हणून पाणी असेलच असं नाही.

योर्डान भागात रोझेनख्राख्त आणि एलांड्सख्राख्त हे आता रस्ते आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते बुजवले. रेम्ब्रांटची शेवटची वर्षं रोझेनख्राख्तवर गेली, तेव्हा त्याच्या दारापुढे पाणी होतं. मुंबईत धोबीतलावला तलाव शोधणाऱ्यासारखी माझी गत झाली. पण योर्डानमध्ये जाच. इथल्या गल्ल्या मोठ्या कालव्यांना तिरक्या येतात, कारण त्या शेतांमधल्या जुन्या चरांवरून आखल्या आहेत. शेताची बांधणी शहराखाली अजून जिवंत आहे.

७. ही श्रीमंती कुठून आली, ते विचारत चला.

आउडे होखस्त्रातवर विद्यापीठाची एक इमारत आहे. मधलं अंगण शांत, मुलं पायऱ्यांवर डबे खात बसलेली. ही डच ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना वेंगुर्ल्याचा मोठा आधार होता. वेंगुर्ल्याच्या वखारीतून शिवाजी महाराजांच्या हालचालींबद्दल गेलेली पत्रं आज हेगच्या अभिलेखागारात आहेत. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या बातम्या शाईत उतरून समुद्रापार जात होत्या. अंगणात बसून मला वेंगुर्ल्याच्या त्या भिंतीतून उगवलेली झाडं आठवत राहिली.

हेरेनख्राख्तवर ५०२ नंबरचं घर महापौरांचं निवासस्थान आहे. ते १६७२ मध्ये पाउलुस खोडिन याच्यासाठी बांधलं, आणि खोडिन गुलामांच्या व्यापारात होता. घरासमोर तशी पाटी बसवली आहे. १ जुलै २०२१ रोजी महापौर फेम्के हाल्सेमा यांनी गुलामगिरीतल्या शहराच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. सुंदर दर्शनी भिंतींचं कौतुक करावं, मीही मनापासून केलं. पण ती पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

८. ॲन फ्रँकच्या घराचं तिकीट प्रवास ठरला की लगेच बघा.

तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि सुमारे सहा आठवडे आधी विक्रीला येतं. मुलाने वेळेवर काढलं होतं. सूनबाई सोबत येते म्हणाली, मी एकटीच गेले. प्रिन्सेनख्राख्त २६३. पुस्तकांच्या कपाटामागे, जुलै १९४२ पासून टप्प्याटप्प्याने आलेली आठ माणसं ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत नाझींपासून लपून राहिली. खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत, ॲनच्या वडिलांची तशी इच्छा होती.

भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. आई-वडील मुलींची उंची मोजत असत, ॲनची आणि मार्गोटची. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर माझ्या मुलाच्या अशाच रेघा आहेत, रंग देताना आम्ही तेवढा भाग सोडतो. इथल्या रेघा थोडं अंतर चढतात आणि थांबतात. बाहेर आले तेव्हा वेस्टरकेर्कच्या घंटा वाजत होत्या, त्याच घंटा त्या पोरीला आत ऐकू येत.

त्या दिवशी दुसरं काही बघू नका. दुसऱ्या दिवशी मात्र वेस्परस्त्रातवर नाझींनी मारलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे, तिथे जा. १,०२,००० हून अधिक विटा. प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि वय. एका विटेवर हात ठेवला, वय शून्य होतं.

९. भुकेला सुरिनामी रोटी.

हिंडून पाय दुखायला लागले की मी सुरिनामी रोटीच्या दुकानात शिरायचे. मोठी मऊ रोटी, आत भरडलेली डाळ, बाजूला बटाट्याचा रस्सा, चवळीच्या लांब शेंगा, उकडलेलं अंडं. १८७३ मध्ये लाला रुख हे जहाज उत्तर हिंदुस्थानातल्या मजुरांना घेऊन सुरिनामच्या डच वसाहतीत पोचलं. मग अशी बरीच जहाजं गेली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्यांची पुष्कळ पतवंडं नेदरलँड्सला आली. गल्ल्यावरच्या बाईने माझी साडी बघितली, कुठून आलात विचारलं आणि आतून आपल्या सासूला बोलावलं. सासूबाईंची बोली मला निम्मीच कळत होती. पण नातवाने पदर ओढून त्यांना हाक मारली ती "आजी" अशीच. आम्ही दोघींनीही वळून पाहिलं. त्या आजींनी मला दुसरी रोटी वाढली आणि पैसे घेतले नाहीत.

१०. एक संध्याकाळ झडपांपाशी घालवा.

कॅरे थिएटरसमोर आमस्टेल नदीवर सतराव्या शतकातल्या झडपा आहेत, आमस्टेलस्लाउझेन. कालव्यांतलं पाणी पालटताना ही दारं लावतात. तेव्हा आय-सरोवराच्या बाजूने पंपाने आत सोडलेलं ताजं पाणी नदीत निसटून न जाता कालव्यांतून फिरतं आणि साचलेलं पुढे ढकलतं. एकेकाळी या कालव्यांना शहराच्या घाणीचा भयंकर वास यायचा, आता काठावर बसून लोक जेवतात.

माझी शेवटची संध्याकाळ मी तिथे घालवली. दोन पाखांचं दार असतं, मिटलं की मधोमध टोक पुढे काढून पाण्याच्या दिशेला रोखलेलं. पाणी जितकं रेटतं तितकी पाखं एकमेकांत घट्ट बसतात. आमच्या उघाडीचं तत्त्वही हेच आहे. उघाडी म्हणजे बांधातली झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. झडपेत ओंडका अडकला की ती मिटत नाही, खारं पाणी आत येतं आणि मग दोन-तीन वर्षं त्या रानात भात होत नाही. म्हणून उधाणाच्या रात्री कुणीतरी बघून यावं लागतं. आमच्याकडे कंदील घेऊन वडील जायचे. आई त्यांची पावलं ओट्यावर येईपर्यंत झोपत नसे. बांधबंदिस्तीला घरटी एक माणूस जात असे, तेही हळूहळू बंद झालं. गेल्या काही वर्षांत आमच्या गावचा बांध तीनदा फुटला, आणि प्रत्येक वेळी तो कुणी बांधायचा यावर कागद फिरत राहिले. नेदरलँड्समध्ये पाण्यासाठी वेगळी मंडळं आहेत, तेराव्या शतकापासूनची. त्यांच्या निवडणुका होतात, पाण्याची पट्टी प्रत्येक घर भरतं. आमची जमीन सोडून गेलेली घरं आठवली आणि माझा जीव तुटला.

भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो अजून तिथेच शेती करतो. कॅमेरा दारांकडे वळवला. मागे पूल होता, दिवे पाण्यात उतरले होते, बोटी सरकत होत्या. त्याने त्यातलं काहीच पाहिलं नाही.

"ताई, जवळ जा. बिजागरी दाखव," तो म्हणाला. मी दाखवली. "दार लाकडी की लोखंडी?" मी वाकून पाहिलं आणि सांगितलं, जुनं लाकूड दिसतंय, लोखंडी पट्ट्या मारलेल्या. तो जरा वेळ गप्प राहिला.

"आणि रात्री बघायला कोण जातं?"

मला माहीत नव्हतं. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं होतं. सकाळी मुलगा बॅगा वजन करत होता, त्याला म्हटलं, आधी मला त्या दारांपाशी सोड, तिथे कुणीतरी भेटेल.